बोर्डावर १४० म्हणजे १४०च: दुबईहून अबू धाबीला स्वतः गाडी चालवत जाणाऱ्यांसाठी

थंडी सुरू झाली की पुण्या-मुंबईहून आमच्याकडे दुबईला पाहुणे यायला लागतात, आणि हल्ली बरेच जण इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढूनच येतात, टॅक्सीपेक्षा रेंटल गाडी बरी म्हणून. चावी हातात आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "लिमिटच्या वर किती चालतं गं इथे?" आणि मी काही बोलायच्या आधीच कोणीतरी सांगून मोकळं होतं, "वीस चालतं रे, बिनधास्त जा." हे उत्तर दुबईत खरं आहे आणि दीड तासावरच्या अबू धाबीत साफ चूक आहे, आणि त्यापायी लोकांचे पैसे जातात म्हणून एकदा नीट लिहूनच ठेवते, म्हणजे पुढच्या वेळी लिंक पाठवता येईल.

तर आधी दुबई. इथे रडारला, म्हणजे स्पीड पकडणाऱ्या कॅमेऱ्याला, साधारण २० किलोमीटरची सूट असते, सगळे त्याला बफर म्हणतात. बोर्डावर १०० असेल तर १२० पर्यंत रडार काही करत नाही, १२१ ला फ्लॅश मारतं. शेख झायेद रोडवर शहरात १०० आहे, जबल अलीच्या बाजूला १२० होतं. शेख मोहम्मद बिन झायेद रोड, ज्याला सगळे ३११ म्हणतात, तिथे आधी १२० होतं, ऑक्टोबर २०१७ मध्ये ते ११० केलं आणि एमिरेट्स रोडलाही तेच केलं. आता या बफरमुळे होतं काय, की इथे राहणारा माणूस बोर्ड वाचतो आणि लगेच मनात त्यात वीस मिळवतो, आणि तीच त्याची खरी लिमिट होऊन बसते. ११० च्या रोडवर लोक १२८-१२९ ला क्रूझ कंट्रोल लावून निवांत जात असतात. नवीन आलेला माणूस आठवडाभर हे बघतो आणि त्याला वाटतं की आपल्याला इथला नियम कळला.

अबू धाबीने हा प्रकार ऑगस्ट २०१८ मध्ये बंद केला. त्यांनी बफर काढला आणि बोर्डांवरचे आकडे वाढवले, म्हणजे जिथे बोर्ड १२० चा आणि रडार १४० ला लावलेलं होतं तिथे बोर्डच १४० चा केला. रडार होतं तिथेच राहिलं, फक्त बोर्ड खरं बोलायला लागला. त्यामुळे दुबईची हद्द संपून घंटूतच्या बाजूने अबू धाबीत शिरलात की रस्ता तोच, लेन त्याच, वाळवंट तेच, पण १२० च्या जागी १४० चे बोर्ड दिसायला लागतात आणि त्यांचा अर्थ पूर्ण वेगळा असतो. १४१ म्हणजे फाईन. यात कसलीही सूट नाही.

मागच्या सीझनला माझा मावसभाऊ आला होता, मावशी-काकांना घेऊन. त्यांना अबू मुरेखाचं स्वामीनारायण मंदिर बघायचं होतं, फेब्रुवारी २०२४ मध्ये उघडलं ते, दुबई-अबू धाबी हायवेवरूनच जावं लागतं आणि आपल्याकडून येणाऱ्या प्रत्येकाच्या यादीत ते असतंच. मला ऑफिस होतं म्हणून ते तिघेच गेले. छान दर्शन झालं, फोटो आले, परत आले, पुण्याला गेलेसुद्धा, आणि मग एका संध्याकाळी त्याचा व्हॉट्सॲप. रेंटलवाल्याने पाठवलेल्या मेलचा स्क्रीनशॉट होता, त्यात तारीख, सकाळची वेळ, रस्त्याचं नाव, गाडीचा नंबर आणि शेवटी स्पीड १५३, लिमिट १४०. खाली तसाच दुसरा, काही मिनिटांनी पुढच्या रडारवरचा, १५१. लगेच फोन आला.

"ताई, बोर्डावर १४० होतं, मी १६० च्या खालीच होतो. हे चुकून लागलंय ना?"

"नाही रे, तिथे वीस मिळत नाहीत. दुबई संपली की बफर संपला."

"अगं पण रस्ता तर तोच आहे!"

"रस्ता तोच, पोलीस वेगळे."

त्याचं म्हणणं मला कळत होतं. तो काही बेदरकार चालवणारा मुलगा नाहीये, शेजारी वडील, मागे आई. त्याने बोर्ड वाचला होता आणि त्याला सांगितलेला नियमही पाळला होता, फक्त तो नियम अर्ध्या रस्त्यापुरताच होता. दोन्ही मिळून ६०० दिरहम आणि वर रेंटलवाल्याची दोन फाईनची सर्व्हिस फी, म्हणजे आपल्या पैशात १४ हजारांच्या पुढेच गेलं, सगळं डिपॉझिटमधून वळतं झालं. आणि आणखी एक गोष्ट, गल्फसाठी बनवलेल्या बऱ्याच गाड्यांमध्ये १२० च्या वर गेलं की टिंग टिंग वाजायला लागतं, ते त्यांच्या गाडीतही वाजत होतं, मावशी सांगत होती की सारखा आवाज येत होता म्हणून शेवटी गाणी मोठ्याने लावली. तो आवाज लिमिटशी जोडलेला नसतो, बोर्डावर १४० असलं तरी तो १२० लाच वाजतो, त्यामुळे लोक त्याच्याकडे लक्ष द्यायचंच सोडून देतात.

माझं स्पष्ट मत आहे की अबू धाबीचीच पद्धत बरोबर आहे. सूट देणं वरवर दिलदारपणाचं वाटतं, पण त्यात नवख्या माणसाचंच नुकसान होतं, कारण खरी लिमिट बोर्डावर लिहिलेली नसते, ती कोणीतरी कानात सांगावी लागते. आणि दुबईत त्या सुटीची किंमत पहिल्याच फाईनला कळते. २० पर्यंत जास्त असेल तर फाईन ३०० दिरहम, पण दुबईत तोपर्यंत रडार फ्लॅशच मारत नाही, त्यामुळे फाईन येतो तो बहुतेक वेळा थेट पुढच्या पायरीचा, २१ ते ३० जास्त म्हणजे ६००. तिथून ४० पर्यंत ७००, ५० पर्यंत १०००, ६० पर्यंत १५०० आणि वर लायसन्सवर ६ ब्लॅक पॉइंट आणि गाडी १५ दिवस जप्त. ६० च्या वर गेलात तर २०००, १२ पॉइंट आणि ३० दिवस, आणि ८० च्या वर ३०००, २३ पॉइंट, ६० दिवस. २४ पॉइंटला लायसन्स जातं, म्हणजे त्या एका फ्लॅशमध्ये माणूस काठावर येऊन उभा राहतो. टुरिस्टला पॉइंटचं फारसं काही नसतं पण जप्ती रेंटल गाडीचीही होते, आणि ती जितके दिवस अडकते तितक्या दिवसांचं भाडं कंपनी तुमच्याकडूनच मागते, हे ॲग्रीमेंटमध्ये लिहिलेलं असतं, सही करायच्या आधी वाचा प्लीज.

बरं फाईनचं सोडा. १४० ला गाडी एका सेकंदात जवळपास ३९ मीटर जाते. समोर काहीतरी दिसलं आणि पाय ब्रेकवर जाईपर्यंतच एवढं अंतर गेलेलं असतं, आणि ब्रेक लागल्यावर थांबायला १२० च्या तुलनेत तिसरा हिस्सा जास्त रस्ता लागतो. इथले रस्ते इतके सरळ आणि गुळगुळीत आहेत की गाडीत बसून १४० कळतच नाही, आपल्या मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर ९० ला जेवढं जाणवतं तेवढंही जाणवत नाही.

आता लेनबद्दल, कारण पाहुणे स्पीड वाढवतात ते बऱ्याचदा इथेच. तुम्ही डाव्या टोकाच्या लेनमध्ये लिमिटला बरोबर धरून चाललाय आणि मागून एक मोठी एसयूव्ही येते, बंपरला चिकटते आणि हेडलाईट मारायला लागते. इथे गाड्या उजव्या बाजूने चालतात, म्हणजे डावी लेन फास्ट, हे डोक्याला माहीत असतं पण हाताला नसतं, आणि नवीन माणूस घाबरून ॲक्सिलरेटर दाबतो, आणि पुढे रडार. असं करू नका. इंडिकेटर द्या, आरसा बघा, उजवीकडे या, जाऊ दे त्याला. असं चिकटून चालवण्याला ४०० दिरहम आणि ४ ब्लॅक पॉइंट आहेत, ते त्याचं तो बघेल, तुम्ही त्याच्यासाठी स्पीड वाढवायची गरज नाही. आणि ओव्हरटेक झालं की तुम्हीही त्या लेनमध्ये रेंगाळू नका. जुन्या व्हिडिओंमध्ये अजून सांगतात की अबू धाबीत फास्ट लेनला १२० च्या खाली गेलं तर फाईन आहे. तो नियम शेख मोहम्मद बिन रशीद रोडवर मे २०२३ पासून होता, डावीकडच्या दोन लेनला, ४०० दिरहम, पण एप्रिल २०२५ मध्ये तो काढून टाकला. तेव्हा त्या भीतीने पळवू नका.

लोक मला विचारतात की इथे सगळे एवढे शिस्तीत कसे. शिस्त वगैरे ठीक आहे, पण खरं कारण मला वाटतं ते हे की फाईन चुकत नाही. रडार बघतं, गाडीच्या नावावर नोंद होते, मेसेज येतो, मधे कोणी माणूसच नाही ज्याला "साहेब जाऊ द्या ना" म्हणता येईल. आणि दरवर्षी मुल्किया रिन्यू करायला गेलं, म्हणजे गाडीचं रजिस्ट्रेशन, की आधी सगळे फाईन भरा, मगच पुढचं काम. अबू धाबीत ६० दिवसांत भरलं तर ३५ टक्के सूट मिळते, म्हणून लोक मेसेज आला की फोनवरच भरून मोकळे होतात. आपल्या मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर आता कॅमेरे लागलेत, सरासरी स्पीडही मोजतात, सपाटीला १०० आणि घाटात ६०, यंत्रणा चांगलीच आहे, पण ई-चलान आलं की ते फोनमध्ये पडून राहतं आणि लोक लोकअदालतीची वाट बघत बसतात. तिथेच फरक पडतो. रक्कम कमी ठेवा हवी तर, पण ती भरावीच लागेल हे पक्कं असलं पाहिजे, मला हे अगदी मनापासून वाटतं कारण त्या रस्त्यावर आपली सगळ्यांची माणसं रोज जा-ये करतात.

थंडीत येणाऱ्यांनी धुक्याचं लक्षात ठेवा. वाळवंटात धुकं कसलं असं वाटतं, पण पहाटे इथे समोरची गाडी दिसत नाही इतकं धुकं पडतं. मार्च २००८ मध्ये याच हायवेवर घंटूतजवळ दोनशेच्या वर गाड्या एकमेकांवर आदळल्या होत्या, काही पेटल्या, माणसं गेली. आता अबू धाबीत धुकं असलं की इलेक्ट्रॉनिक बोर्डावर लिमिट ८० होते, आणि मग कायमच्या बोर्डावर १४० लिहिलंय असं म्हणून चालत नाही, तेवढ्या वेळापुरती लिमिट ८०च. मंदिरासाठी पहाटे निघणारे बरेच असतात, त्यांनी सरळ दोन तास उशिरा निघावं. तसंच हट्टाला, म्हणजे दुबईच्या डोंगराळ भागात, जाणार असाल तर दुबई-हट्टा रोडवर एका सहा किलोमीटरच्या पट्ट्यात जानेवारी २०२३ पासून १०० चं ८० केलंय, मोकळा रस्ता बघून तिथे हमखास स्पीड सुटतो.

रेंटलचं थोडक्यात. इंटरनॅशनल परमिट आरटीओकडून भारतातच काढून या, इथे आल्यावर काही होत नाही, आणि रेसिडेन्स व्हिसा झाला की ते चालत नाही, इथलंच लायसन्स लागतं. डिपॉझिट लगेच परत मिळत नाही कारण फाईन आणि सालिकचा टोल सिस्टीममध्ये नंतर चढतो, त्यामुळे दोन-तीन आठवडे पैसे अडकले तर घाबरू नका. कंपनीने फाईन कापला तर प्रत्येक फाईनचा तपशील मागा, तारीख, वेळ, जागा, स्पीड आणि लिमिट, आणि गाडी त्या वेळी तुमच्याकडेच होती का ते ॲग्रीमेंटवरच्या वेळेशी जुळवून बघा. ३५ टक्क्यांची सूट ते तुम्हाला देतीलच असं नाही, पण विचारायला काहीच हरकत नाही.

आणि गाडीत शेजारी बसणाऱ्याला काम द्या. गाणी बदलणं आणि फोटो काढणं मागच्या सीटवाले करतील, पुढच्याने बोर्ड वाचायचे आणि प्रत्येक वेळी लिमिट बदलली की आकडा मोठ्याने सांगायचा. मावसभाऊ परत येतोय मार्चमध्ये, या वेळी ते काम काकांकडे दिलंय.