अडीचशे हर्ट्झची रेघ

दहा बाय बाराची बेडरूम, साडेनऊ फुटांवर स्लॅब, खाली व्हिट्रिफाइड टाइल्स. या खोलीत ‘बास घुमतो’ अशी तक्रार असेल तर अँप्लिफायर बदलून काही होणार नाही. आधी मोजायची टेप काढा.

25 अंश तापमानाला आवाज सेकंदाला 346 मीटर धावतो. खोलीची लांबी 3.66 मीटर. तिच्या दुपटीने वेगाला भागलं की 47 हर्ट्झ येतात, म्हणजे त्या सुराला आवाज समोरासमोरच्या भिंतींत अडकून घुमतो. रुंदीचे येतात 57, उंचीचे 60, आणि हे दोन जवळजवळ असल्याने एकमेकांवर चढतात. बास गिटारचे 46 आणि 49 हर्ट्झचे सूर या खोलीत अंगावर येतात, 41चा सर्वात खालचा सूर मात्र मरगळलेला वाटतो. वाजवणाऱ्याने तिन्ही सारख्याच जोराने छेडलेले असतात. खुर्ची मागच्या भिंतीला टेकली असेल तर घुमणं सगळ्यात जास्त, कारण भिंतीपाशी दाब सर्वाधिक असतो. दोन फूट पुढे सरकून बसणं हा यावरचा फुकटचा उपाय.

खोलीचा हा अंमल कुठवर चालतो? आवाज 60 डेसिबलने विरायला लागणारे सेकंद भागिले खोलीचे घनमीटर, त्याचं वर्गमूळ, गुणिले 2000. इथे 0.5 सेकंद आणि 32 घनमीटर, म्हणजे साधारण 250 हर्ट्झ. या रेघेच्या खाली माइकने मोजलेल्या आलेखावर, म्हणजे कुठल्या हर्ट्झला आवाज किती मोठा हे दाखवणाऱ्या रेषेवर, विश्वास ठेवावा. कान ‘काहीतरी घुमतंय’ एवढंच सांगतो, कुठल्या हर्ट्झला ते सांगत नाही.

मोजायला आरईडब्ल्यू हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. सोबत यूमिक-1सारखा यूएसबी माइक आणि त्याच्या सीरियल नंबरची कॅलिब्रेशन फाइल (त्या माइकची चूक दुरुस्त करणारी) लागते. माइक छताकडे रोखला असेल तर 90 अंशांची फाइल घ्यायची. इथे बरेच जण चुकतात आणि मग तीव्र स्वरांचा आलेख खोटा येतो. माइक स्टँडवर, जिथे डोकं असतं तिथे, कानाच्या उंचीवर. पंखा, एसी बंद. डावा-उजवा स्पीकर वेगवेगळा मोजायचा. बास बघताना स्मूदिंग (रेष गुळगुळीत करणं) काढून टाका, नाहीतर अरुंद, खोल खड्डा, म्हणजे आवाज एकदम पडतो ती जागा, आलेखात दिसतच नाही.

खड्डा दिसला की इक्वलायझरने (हव्या त्या हर्ट्झचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या साधनाने) भरायचा मोह होतो. तो आवरा. थेट आवाज आणि भिंतीवरून परतलेला आवाज एकमेकांना खातात म्हणून खड्डा पडतो. जोर वाढवला की दोन्ही वाढतात. 10 डेसिबल चढवायला दहापट वॅट लागतात, ते फक्त व्हॉइस कॉइल (स्पीकरमधलं तारेचं वेटोळं) तापवतात. स्पीकरचं तोंड त्याच्या मागच्या भिंतीपासून दोन फुटांवर असेल तर खड्डा 142 हर्ट्झच्या आसपास पडतो. स्पीकर अर्धा फूट सरकवा आणि पुन्हा मोजा. खड्डाही सरकला तर गुन्हेगार ती भिंत. इक्वलायझर वापरायचा तो फक्त उंचवटे छाटायला.

रेघेच्या वर मात्र एका जागी ठेवलेला माइक फसवतो. तो वीतभर हलवला तरी आलेख बदलतो, कानाला मात्र फारसा फरक कळत नाही. थेट आलेला आवाज आणि बाजूच्या भिंतीवरून आलेला यांत कान भेद करतो, माइक सगळं एकत्र मोजतो. म्हणून तो आलेख ओढूनताणून सपाट केला की गाणं कर्कश होतं. खोलीत मोजलेली रेष वरच्या टोकाकडे थोडी उतरतीच असायला हवी. इथे कानानेच ठरवा.

पण डोळे झाकून. ध्वनिसंशोधक फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी 1994मध्ये तेच स्पीकर उघड आणि पडद्याआड ऐकवले, तेव्हा पसंती बदलली. शिवाय किंचित मोठा आवाज नेहमी ‘जास्त खुला’ वाटतो. दोन अँप्लिफायर तोलताना 100 हर्ट्झचा सूर लावून स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटर धरा: एकावर 2.00 व्होल्ट असतील तर दुसऱ्यावर 2.02च्या वर नकोत, म्हणजे फरक 0.1 डेसिबलच्या आत राहतो. 1000 हर्ट्झचा सूर नको, स्वस्त मीटर तिथे चुकतात. मग दुसऱ्या कुणाला तरी नाणं उडवून 16 वेळा जोडणी बदलायला सांगा. 12 वेळा ओळखलं तर फरक बहुधा खरा. आठ-नऊ आले, तर ते पैसे 48 किलो घनतेच्या, चार इंच जाड रॉकवूलवर (आवाज शोषणाऱ्या दगडी लोकरीवर) घाला. अंड्यांचे ट्रे लावू नका, त्यांत झुरळं तेवढी होतात.