बाबांच्या टीबीचे सहा महिने आणि माझी चार मतं

२०२५ च्या उन्हाळ्यात बाबांना खोकला लागला. नागपुरातल्या इतवारीच्या किराणा बाजारात मिरची-धण्याच्या पोत्यांमध्ये आयुष्य गेलेला माणूस, त्यामुळे घरात खोकल्याचं कोणाला नवल नव्हतं. जवळच्या डॉक्टरांकडून दोनदा औषध आणलं. कूलरच्या हवेनं होत असेल म्हणून मे महिन्यात कूलर बंद ठेवून पाहिला. संध्याकाळी कणकण यायची, पँटचा पट्टा दोन भोकं आत गेला होता. सगळं दिसत होतं, पण एकत्र जोडून कोणी पाहिलं नाही.

ते पाहिलं आमच्या वस्तीतल्या आशाताईंनी. सर्व्हेला आल्या होत्या, बाबा आत खोकत होते. "किती दिवसांपासून खोकून राहिले काका?" मी म्हटलं, महिना तरी झाला असेल. "दोन आठवड्यांच्या वर गेला म्हणजे बेडका तपासायचाच, दादा. उद्या सकाळी घेऊन या त्यांना."

दुसऱ्या दिवशी आरोग्य केंद्रात गेलो. सिस्टरनी झाकणाची डबी दिली आणि बाबांना समजावलं, नुसती थुंकी चालणार नाही, खोल श्वास घेऊन छातीतून आलं पाहिजे. एक नमुना तिथेच, दुसरा पहाटे उठल्याबरोबर. पण तो तपासणाऱ्या लॅब टेक्निशियनची खुर्ची रिकामी होती. कंत्राट संपलं होतं आणि पुढचा आदेश आला नव्हता. नमुने दुसरीकडे पाठवावे लागत होते, तेही न्यायला माणूस मिळेल तेव्हा. बाबांचा पहिला नमुना अपुरा निघाला, पुन्हा द्यावा लागला. रिपोर्ट यायला नऊ दिवस लागले.

बेडका तपासणारं सिबिनॅट मशीन साधारण दोन तासांत सांगतं, टीबी आहे की नाही आणि मुख्य औषध त्यावर चालणार की नाही. दोन तासांच्या तपासणीला नऊ दिवस. त्या नऊही रात्री माझा चार वर्षांचा मुलगा आजोबांच्या कुशीत झोपला. टीबीचा एक रुग्ण उपचाराविना राहिला तर वर्षभरात जवळच्या पाच ते पंधरा जणांना लागण करू शकतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. हे मी नंतर वाचलं आणि त्या रात्री आठवून पोटात गोळा आला.

उपचार मात्र चोख झाले, आणि हे मी मनापासून लिहितो. निक्षय या सरकारच्या टीबी रुग्णांच्या पोर्टलवर नोंद झाली. वजन ४६ किलो, म्हणून रोज तीन गोळ्या. पहिल्या दिवशी लघवी लालसर केशरी झाली तेव्हा बाबा हादरले. सिस्टर म्हणाल्या, "औषधाचा रंग आहे काका, उलट हा दिसला म्हणजे गोळी पोटात गेली हे आम्हाला कळते." पोषणासाठी महिन्याला १००० रुपये खात्यावर येतात, नोव्हेंबर २०२४ च्या आधी ते ५०० होते. घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली. मुलाला आजार नव्हता, पण पाच वर्षांखालचा म्हणून त्याला प्रतिबंधक गोळ्या सुरू केल्या. एक रुपया लागला नाही. आशाताई दर आठवड्याला येऊन रिकाम्या पाकिटांवरची भोकं मोजायच्या. तिसऱ्या आठवड्यात बाबांना मळमळ सुरू झाली आणि त्यांनी दोन दिवस गोळ्या उशीखाली लपवल्या, तेही आशाताईंनीच पकडलं. औषध मध्येच सुटलं तर जंतू औषधाला जुमानेनासे होतात, हे त्यांनी बाबांना पोराला समजवावं तसं समजावलं.

दोन महिन्यांनी पुन्हा बेडका तपासायची वेळ आली ती नेमकी ऑगस्टमध्ये, आणि त्याच महिन्यात राज्यभरातले कंत्राटी आरोग्य कर्मचारी संपावर गेले. मला राग आला, त्यांचा नाही. ज्या सिस्टरनी बाबांना सांभाळलं, त्यांना स्वतःची नोकरी पुढच्या वर्षी राहील की नाही हे माहीत नव्हतं. दहा-दहा वर्षं अकरा महिन्यांच्या आदेशावर काढणाऱ्यांनी कायम करा म्हटलं, तर चूक काय?

मग मी पैशाचा माग काढायला बसलो. शहरी आरोग्य अभियान २०१३ साली सुरू झालं, त्यात आता केंद्र सरकारचे ६० आणि राज्याचे ४० टक्के. नंतर पंधराव्या वित्त आयोगानं स्थानिक संस्थांच्या आरोग्यासाठी देशभरात ७०,०५१ कोटी रुपये ठेवले, त्यातून शहरी केंद्रांनाही मदत मिळाली. पण तो पैसा २०२१ ते २०२६ या पाच वर्षांपुरता, म्हणजे मुदत ३१ मार्च २०२६ पर्यंतच. इमारत अशा पैशातून उभी राहते, रंगही लागतो. तिच्यात बसणारा माणूस अनुदानाच्या मुदतीवर जगतो. सार्वजनिक आरोग्य हा विषय राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत शहराच्या स्थानिक संस्थेकडे दिलेला आहे. काम शहराचं असेल तर त्या कामाचा पगारही शहराच्या अर्थसंकल्पात दरवर्षी ठरलेला हवा.

शेजारचे काका म्हणाले, "कायम केलं की कोणी काम करत नाही रे." मी त्यांना ती रिकामी खुर्ची सांगितली. कायम माणूस कामचुकार निघाला तर त्याच्याविरुद्ध तक्रार तरी करता येते. खुर्चीच रिकामी असेल तर तक्रार कोणाची करायची? आणि हो, यासाठी मालमत्ता करातला एक वाटा आरोग्याला बांधून द्यावा लागला, किंवा कर थोडा वाढला, तरी माझी तयारी आहे. तसं मी काकांना म्हटलंही.

मार्च २०२२ पासून नागपूर महापालिकेत प्रशासक होते, नगरसेवक नव्हते. मग १५ जानेवारी २०२६ ला मतदान ठरलं. आमच्या प्रभागातून चार जण निवडायचे होते, म्हणजे प्रत्येकाची चार मतं. गल्लीत रोज कोणी ना कोणी हात जोडून यायचं. रस्ता, गटार, दिवे, सगळं बोलायचे. मी दारातच दोन प्रश्न विचारायचो: आपल्या केंद्रातली टेक्निशियन आणि सिस्टरची पदं कायम करायला अर्थसंकल्पात तरतूद मागाल का? आणि ३१ मार्चनंतर अनुदान आलं नाही, तर पगार कुठून देणार?

तिघांना विचारलं. दोघांनी "बघू, नक्की करू" म्हणून पत्रक हातात दिलं. तिसऱ्या ताईंनी चप्पल काढून ओट्यावर बसून घेतलं आणि केंद्रात कोणकोणती पदं रिकामी आहेत ते विचारून कागदावर लिहून नेलं. नंतर त्या केंद्रात जाऊन आल्याचं सिस्टरनीच सांगितलं.

बाबांचा उपचार डिसेंबरात पूर्ण झाला. शेवटचा बेडका निगेटिव्ह, वजन ५३. पट्ट्याची दोन्ही भोकं परत बाहेर आली आहेत. मतदानाच्या आधी त्यांनी माझ्याकडून ते दोन प्रश्न एका चिठ्ठीवर लिहून घेतले. संध्याकाळी बाजारातल्या जुन्या मंडळींकडे जाणार होते, त्यांच्या वस्त्यांतही उमेदवार फिरत होते म्हणून.