एकच बायनरी सर्च, पण पुरता

माझा मामेभाऊ सध्या प्रोग्रामिंगच्या नोकरीसाठी मुलाखतींची तयारी करतोय. लीटकोड या वेबसाइटवर कोडिंगचे सरावप्रश्न सोडवतो. रोज रात्री त्याचा फोन येतो, "ताई, आज लीटकोडचे सहा प्रश्न झाले!" परवा त्याला म्हटलं, उद्या एकच कर. बायनरी सर्च, म्हणजे क्रमाने लावलेल्या आकड्यांत दरवेळी मधला बघून अर्धा भाग वगळत शोधणं. तोही वहीत.

आमच्या टीमसाठी मी मुलाखती घेते. पाठ केलेलं उत्तर समोरचा धडाधड लिहितो, पण प्रश्न थोडा वळवला की थबकतो. 'हाच आकडा अनेकदा आलाय, पहिली जागा सांग,' एवढं म्हटलं तरी पुरतं. इथे नेमकं काय लिहायचं हे आठवून जमत नाही. लो आणि हाय, म्हणजे शोधायच्या भागाची पहिली आणि शेवटची जागा, यांच्यामध्ये उत्तर अजून आहे ना, हे प्रत्येक फेरीला तपासावं लागतं.

म्हणून त्याला दोनच घटकांचा अ‍ॅरे (आकड्यांची यादी) घ्यायला लावला. मिड, म्हणजे मधली जागा, काढताना भागाकार खालच्या पूर्णांकावर उतरतो, म्हणजे मिड आणि लो एकच. आता 'लो = मिड' लिहिलंत तर काहीच हलत नाही, लूप, म्हणजे त्याच पायऱ्यांची फेरी, फिरतच राहतो. हे एकदा पेन्सिलीने करून पाहिलं की 'मिड + १' कुठून आलं ते कायमचं कळतं.

आणि मिड काढायचा कसा? लो आणि हायची बेरीज भागिले दोन, असं सगळेच लिहितात. जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या लायब्ररीतही, म्हणजे तयार कोडच्या संचातही, तसंच होतं. ती बेरीज २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे गेली की ३२ बिटांच्या इंटमध्ये (पूर्णांक साठवायच्या प्रकारात) ती मावत नाही आणि उत्तर ऋण होतं. जोशुआ ब्लॉक यांनी २००६ मध्ये हे जाहीरपणे लिहिलं, आणि तो कोड त्यांचा स्वतःचाच होता. मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटतो. लो + (हाय - लो) / २ लिहिलं की प्रश्न मिटतो.

आणखी एक, प्रश्नाखालच्या मर्यादा आधी वाचा. एन, म्हणजे घटकांची संख्या, एक लाख असेल तर लूपमध्ये लूप म्हणजे १,००० कोटी फेऱ्या. सेकंदाला ढोबळ १० कोटी धरल्या तरी वेळेत बसत नाही.

आता त्याला पुस्तकवाटपाचा प्रश्न दिलाय: ठरावीक मुलांमध्ये पुस्तकं ओळीनेच वाटायची, पण कुणा एकावर येणारी जास्तीत जास्त पानं शक्य तितकी कमी हवीत. इथे शोध अ‍ॅरेत नाही, पानांच्या संख्येत घ्यायचा. 'इतक्या पानांत भागेल का?' हे तपासणारं फंक्शन त्याने कोड लिहिण्याआधी मला फोनवर तोंडी समजावून सांगायचंय.