तुम्ही विचारलंत म्हणून: धनुष्याला लाकूड कुठलं?

‘आपल्याकडे यू नाही, ओसेज ऑरेंज नाही, मग तुम्ही धनुष्य करता कशाचं?’ यू आणि ओसेज ऑरेंज ही परदेशी धनुष्य करणाऱ्यांची आवडती झाडं, त्यामुळे त्यांचे व्हिडिओ पाहिलेला प्रत्येक जण हे विचारतोच. १५४५ साली बुडालेल्या ‘मेरी रोझ’ जहाजातून वर काढलेली इंग्लिश धनुष्यं यूची होती, त्यामुळे त्या नावाचा दबदबा समजू शकतो. पण डेन्मार्कात होल्मेगार्डला सापडलेली सुमारे ९००० वर्षांपूर्वीची धनुष्यं एल्मची आहेत, आणि त्यांचे बाहू, म्हणजे मुठीच्या वरचा आणि खालचा वाकणारा भाग, रुंद, चपटे आहेत. जे झाड हाताशी होतं त्याला साजेसा आकार त्या लोकांनी दिला.

मी धामण वापरतो. गावातल्या जुन्या सुताराला विचारा, कुऱ्हाडीच्या दांड्याला काय घालता? बऱ्याच भागांत धामणीचं नाव येईलच. दणके सोसून न तुटणारं, लवचीक लाकूड. दुसरी माझी आवडती तुती. ती ओसेजच्याच कुळातली, पण रेशीमवाल्यांच्या छाटलेल्या झुडपांत सरळ खोड मिळणं कठीण. परसातलं जुनं झाड पडलं तर बघावं. बाभूळ दणकट खरी, पण तिच्या लाकडातल्या तंतूंच्या रेषा वेड्यावाकड्या. सागाचं विचाराल तर त्याचं कपाट करा.

तरी नावावर फार जाऊ नका. एकाच झाडाची एक फांदी चालते, दुसरी चालत नाही. एक पातळ पट्टी काढून तुटेपर्यंत वाकवायची. खडूसारखी कट्‌कन तुटली तर ते लाकूड चुलीत. लांब तंतू निघत, चिरत चिरत तुटली तर पुढे जायचं. वाकवून सोडल्यावर बाक तसाच राहिला, तर पोटाची बाजू, म्हणजे धनुष्य ओढताना ओढणाऱ्याकडे असते ती, दाब सोसत नाही. अशा वेळी बाहू रुंद करायचे आणि जाडी कमी ठेवायची. रुंदी दुप्पट केली की ताठपणा दुप्पट होतो, जाडी दुप्पट केली की आठपट! नवशिके जाडीतच फसतात.

पाठीचा, म्हणजे बाहेरच्या बाजूचा, एकही तंतू कापला जाता कामा नये. आपल्याकडच्या बऱ्याच लाकडांत वर्षवलयं धूसर असतात, म्हणून मी साल काढल्यावर आतून निघालेला पृष्ठभागच पाठ म्हणून ठेवतो. त्यावर रंधा लावत नाही. ओंडका करवतीने न कापता पाचर ठोकून फाडायचा, म्हणजे रेषा कुठे वळते ते दिसतं. त्याच्या दोन्ही टोकांच्या कापांना रंग फासून तो सावलीत वाळवायचा. कोकणात असाल तर पावसाळ्यात तासायला घेऊ नका, लाकूड हवेतला ओलावा पितं आणि धनुष्य ढिलं पडतं. जंगलातलं झाड तोडायचं नाही, बांधावरचंही तोडण्याआधी परवानगीची चौकशी करायची.

यावर पुढचा प्रश्न ठरलेला: एवढा खटाटोप कशाला, बांबू आहे की! आहेच. सातपुड्यातल्या भिल्लांचा तीरकामठा बांबूचा असतो, कित्येकदा त्याची दोरीही बांबूच्या कामटीची. तो कामठा करायला शिकायचं असेल, तर माझ्याकडे नाही, त्यांच्याकडे जा.