सोमवारी सकाळी सातचा डाव

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा म्हणून फोन आला, तेव्हा विषयही सोबतच मिळाला: ‘बुद्धिबळ आणि अभ्यास यांचा तोल तुम्ही कसा सांभाळलात, ते मुलांना सांगा.’ खरं तर तो मी सांभाळलाच नाही. आठवी ते दहावी मी खेळत होते आणि जमेल तसं शाळेत येत होते. तोल सांभाळणारी माणसं वेगळीच होती आणि त्यांची नावं कुठल्याही ढालीवर कोरलेली नाहीत. म्हणून हे लिखाण त्यांच्याबद्दलच आहे.

सांगलीत बुद्धिबळ खेळणाऱ्याला कोणी वेड्यात काढत नसे, हे आधी सांगायला हवं. भाऊसाहेब पडसलगीकरांनी १९४१ साली नूतन बुद्धिबळ मंडळ सुरू केलं, तेव्हापासून या गावाला पटाची सवय आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत आमची आते-मामे भावंडं आंबे खायला जायची, तर परगावची मुलं वळकट्या घेऊन स्पर्धा खेळायला सांगलीत उतरायची. मी प्राथमिक शाळेतून नुकतीच वर आले होते, तेव्हा भाग्यश्री साठे राष्ट्रीय महिला विजेत्या झाल्या. साल १९८५. पुढच्या वर्षी पुन्हा त्याच. १९८७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि ‘मुलीच्या जातीला कशाला हे उद्योग’ म्हणणाऱ्या आमच्या चाळीतल्या काकू एकदम ‘आपली भाग्यश्री’ म्हणू लागल्या. मुंबईच्या रोहिणी खाडिलकर तर त्याआधीच, १९७६ मध्ये, पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळल्या होत्या. त्यावर बराच गदारोळ झाला. शेवटी बाई आहे म्हणून कोणाला अडवता येणार नाही, असा निवाडा जागतिक संघटनेच्या पातळीवर झाला. हा किस्सा आजोबा आल्यागेल्याला ऐकवायचे.

आजोबा स्वतः मात्र देशी पद्धतीचे. त्यांचं प्यादं पहिल्या खेपेलाही एकच घर चालायचं, राजाला एकदा घोड्याची उडी मिळायची आणि नुसती मात केली तर त्यांना ती मातच वाटायची नाही, प्यादेमात हवी. त्यांच्याशी खेळून मी मंडळात गेले आणि पहिल्याच संध्याकाळी किल्लेकोट, म्हणजे एकाच खेळीत राजा आणि हत्ती दोघांना हलवणं, कसा करतात हे माझ्याहून लहान मुलाकडून शिकले. आजोबांना ते सांगितलं तर म्हणाले, “हे साहेबाचे लाड.”

आता शाळा. स्पर्धा सुट्टीतच असतात असं नाही. कधी कोल्हापूर, कधी सातारा, कधी पुणे. मुलगी एकटी जाणार नाही, म्हणजे बाबांची रजा आली. त्यांच्या ऑफिसात वर्षाच्या रजा दिवाळीआधीच संपायच्या. आईने तर कोणाच्या लग्नालाही त्यांना ‘रजा टाका’ म्हणणं सोडून दिलं होतं. शाळेत पंचाहत्तर टक्के हजेरीचा नियम, आणि माझी हजेरी त्या रेषेच्या जेमतेम वर तरंगायची. आमच्या वर्गशिक्षिका बाई महिनाअखेरीला हजेरीपटाची बेरीज करताना मला टेबलाजवळ बोलवायच्या आणि पुढच्या महिन्यात किती दिवस चुकवता येतील ते पेन्सिलीने कागदावर लिहून द्यायच्या. रागावणं नाही, कौतुकही नाही. किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीसारखा चोख हिशोब. मी तो कागद बाबांना द्यायचे आणि त्यावरून स्पर्धा ठरायच्या.

दुसरी व्यक्ती म्हणजे माझ्या बाकावरची मैत्रीण. मी नसेन त्या दिवशी ती वहीच्या पानाखाली कार्बन पेपर ठेवून लिहायची. कार्बन माझ्या बाबांच्या ऑफिसातला, वापरून वापरून फिका पडलेला. त्यामुळे माझ्याकडच्या विज्ञानाच्या नोट्स जांभळट, पुसट आणि शेवटच्या ओळीपर्यंत तिरक्या होत गेलेल्या असत. हृदयाची आकृती तर अशी उमटली होती की कुठली झडप कुठे, हे तिला विचारल्याशिवाय कळेना. पण पान एकही चुकलं नाही. मोबदल्यात ती फक्त भडंगाचा पुडा मागायची आणि तोही मला देऊन मगच खायची. (भडंग खाल्लेल्या बोटांनी सोंगट्या हाताळू नयेत, हे मंडळात शिकलेलं शहाणपण मात्र मला शेवटपर्यंत पाळता आलं नाही.)

नववीतला तो डाव सविस्तर सांगते, कारण आजच्या मुलांना हा प्रकारच ठाऊक नसेल. तेव्हा लांबलेला डाव तहकूब व्हायचा. ज्याची खेळी असेल त्याने ती पटावर करायची नाही; कागदावर लिहायची, घडी घालून पाकिटात टाकायची, पंचांनी पाकीट बंद करायचं आणि वर पटाची स्थिती, दोघांच्या घड्याळांवरची वेळ आणि खेळी कोणी लिहिली ते नोंदवायचं. रविवारी रात्री आमचा डाव असाच थांबला. खेळी समोरच्या मुलाने लिहिली होती. त्याच्याकडे हत्ती आणि एक प्यादं, माझ्याकडे नुसता हत्ती. उरलेला डाव सोमवारी सकाळी सात वाजता. आणि सोमवारी अकरा वाजता बीजगणिताची चाचणी.

रात्री जेवणानंतर बीजगणिताची वही उघडली, तिच्यावर छोटा लोहचुंबकाचा पट मांडला आणि वही तशीच राहिली. हा शेवट बरोबरीत सुटतो हे मला माहीत होतं. अठराव्या शतकातल्या फिलिडॉर नावाच्या फ्रेंच खेळाडूने त्याचा बचाव दाखवून ठेवला आहे. आपला हत्ती आपल्याकडून तिसऱ्या ओळीत उभा करायचा, म्हणजे समोरच्या राजाला पुढे शिरता येत नाही. त्याने कंटाळून प्यादं त्या ओळीत ढकललं की लगेच हत्ती पार दुसऱ्या टोकाला न्यायचा आणि मागून शह देत सुटायचं; प्यादं पुढे गेल्यामुळे त्याच्या राजाला आडोसाच उरत नाही. वाचायला सोपं आहे. पण पाकिटात कुठली खेळी आहे ते माहीत नसताना रात्री अकरा वाजता प्रत्येक फांदी तपासू लागलं की, आपल्याला काहीच येत नाही अशी खात्री पटते. बाबा पलीकडे त्या मुलाच्या बाजूने खेळत होते. त्यांना खेळ येत नव्हता, त्यामुळे ते अशा चाली करत की ज्या कुठल्याच पुस्तकात नव्हत्या. त्याचा उपयोगच झाला.

सकाळी पंचांनी पाकीट फोडलं. आम्ही सगळ्यात आधी बाजूला टाकलेली खेळी निघाली. तो मुलगा चिवट होता. राजा डावीकडे, उजवीकडे, हत्ती आडवा, उभा. मी बुरुजावरच्या पहारेकऱ्यासारखी तिसरी ओळ सोडली नाही. साडेनऊच्या सुमाराला त्याने प्यादं ढकललं, मी हत्ती खाली नेला, शहांवर शह दिले. बरोबरी मान्य करायला त्याने आणखी बराच वेळ घेतला आणि हात न मिळवताच उठला. मुलीशी बरोबरी म्हणजे त्या वयात त्यांना हरल्यातच जमा.

शाळेत पोचले तेव्हा पेपर सुरू होऊन गेला होता. दारात बाईच होत्या. घड्याळाकडे बघितलं, प्रश्नपत्रिका पुढे केली.

“हरलीस?”

“बरोबरी.”

“मग बस. रेघ मारून लिही, मार्जिन सोड.”

चाचणीत काय दिवे लावले ते विचारू नका.

गमावलं ते थोडक्यात सांगते. नववीची सहल हुकली. स्नेहसंमेलनातल्या नाचात मला घेतलंच नाही, कारण तालमीला मी असेनच याची खात्री कोणालाच नव्हती. त्याचं तेव्हा फार वाईट वाटलं होतं, आजही फोटोत सगळ्या एकसारख्या साड्या नेसलेल्या बघून वाटतं. दहावीत मीच स्पर्धा कमी केल्या, बारावीनंतर नोकरीच्या शिक्षणात खेळ मागे पडला. त्या काळी आंतरराष्ट्रीय रेटिंग मिळवणं आमच्यासारख्यांच्या आवाक्यातलं नव्हतंच.

आता चित्र पालटलं आहे. गुकेशने चौथीनंतर नेहमीची शाळा सोडली आणि २०२४ मध्ये, अठराव्या वर्षी, सिंगापूरला तो जगज्जेता झाला. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बातुमीला महिलांचा विश्वचषक जिंकला. आनंदच आहे. पण त्यानंतर माझ्याकडे तीन-चार पालक आले, ‘हिलाही शाळेतून काढू का?’ असं विचारत. त्यातली एक पोर तिसरीत होती. मी त्यांना सांगितलं, आधी तिला बाकावरच्या मैत्रिणीचं नाव विचारा. सांगता आलं तर राहू द्या शाळेत.

माझ्याकडे चावीची दोन जुनी बुद्धिबळाची घड्याळं आहेत. ती मी शाळेला देते आहे. एक नीट चालतं. दुसऱ्याची डावी बाजू किंचित पुढे धावते, तेव्हा त्या बाजूला शिक्षकांना बसवावं.

– एक माजी विद्यार्थिनी, दहावी, मार्च १९८९