बाबांची स्प्लेंडर, फॉर्म 31 अन् वाळवंटातली एक रात्र

रेती म्हटली की आमच्याकडं रात्री एक वाजता बिनलाइटचा जाणारा ट्रॅक्टर आठवतो, अन् त्याच्यामागं तहसीलदाराची जीप. मला एकदा नुसती पडलेली रेती पाहायची होती, जिच्यावर कोणाचा डोळा नाही अशी. म्हणून संक्रांतीनंतर एकटाच स्प्लेंडर घेऊन जैसलमेरकडं गेलो, खुडी गावाजवळ एक रात्र तंबूत काढली अन् परत आलो. गावात सगळे विचारतात, भेव नाही वाटलं का रे. वाटलं ना, पण तिथं नाही. आरटीओतल्या चार नंबरच्या खिडकीसमोर वाटलं.

झालं असं की गाडी 2013 ची, बाबांच्या नावावर. बाबा जाऊन दीड वर्ष झालं होतं अन् गावात, वावरात, तालुक्याला त्याच कागदावर गाडी फिरत होती, कोणी विचारत नाही. मी राजस्थानचं नाव काढलं तर मायनं एकच अट घातली. "तुह्या बापाच्या नावाची गाडी हाय. तिकडं परमुलखात कोन्या पोलिसानं धरलं त काय सांगशीन? कागद तुह्या नावानं झाल्याबिगर गाडी जिल्ह्याच्या भाईर न्यायची नाई." मी म्हटलं आठ दिवसाचं काम आहे, करून टाकतो. ही गोष्ट दिवाळीच्या आधीची.

गावातल्या सेवा केंद्रवाल्या पोट्ट्यानं आधी फॉर्म 29 अन् 30 भरून दिले. ते विक्रीचे असतात. मालक वारला असेल तर वारसाला फॉर्म 31 लागतो, हे मला पहिल्या चकरेत खिडकीवर कळलं, पंचावन्न किलोमीटर जाऊन. अन् नियम असा आहे की मालक गेल्यावर तीस दिवसांच्या आत आरटीओला कळवायचं की गाडी मी वापरणार आहे, अन् तीन महिन्यांच्या आत 31 भरायचा. घरात माणूस गेल्यावर तीस दिवसात कोणाला गाडी आठवते राजेहो, तेराव्याचं सामान आणता आणता महिना जातो.

ऑनलाइन अर्ज करायला गेलो तर ओटीपी जातो आरसीला, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदाला, जोडलेल्या मोबाइल नंबरवर. म्हणजे बाबांच्या. त्या नंबरला आम्ही रिचार्ज मारलं नव्हतं, कोण मारणार, अन् बंद पडलेला नंबर कंपनी काही महिन्यांनी दुसऱ्याला देऊन टाकते. माझ्या फोनमध्ये तो अजून सेव्ह होता. लावला. स्क्रीनवर "बाबा" अन् पलीकडून एका बाईचा आवाज, कोण पाहिजे म्हणून. दोन मिनिटं मला काही बोलताच येईना. मग सांगितलं की ताई, असं असं आहे, तुम्हाला आता एक मेसेज येईल, त्यातले आकडे सांगा. बाई म्हणाली, "ओटीपी कुणाला सांगायचा नसतो, सारखं सांगतात फोनवर, मला येडी समजू नका, परत फोन केलात तर पोलिसात देईन." ठेवून दिला. तिचं चुकलं नाही, मी तिच्या जागी असतो तर शिव्या दिल्या असत्या.

दुसरी चकर. मोबाइल नंबर बदलायला त्याच पोर्टलवर चेसिस नंबर, इंजिन नंबर, नोंदणीची तारीख सगळं टाकलं, तरी अडकतच होतं म्हणून थेट खिडकीवर. खिडकीतले साहेब म्हणाले, मालकाला घेऊन या. म्हटलं साहेब, मालक वारले, त्याच्यासाठीच तर आलो. मग मृत्यूचा दाखला दाखवा. दाखवला. साहेबांनी चष्मा वर केला, आरसी पाहिली, दाखला पाहिला, परत आरसी पाहिली.

"यातलं राव कुठं गेलं?"

आरसीवर बाबांचं नाव "राव" लावून आहे. शोरूमवाल्यानं 2013 मध्ये मान दिला होता. ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर आधारप्रमाणं नुसतं नाव, राव नाही. साहेबांच्या मते ही दोन वेगळी माणसं. मी म्हटलं, साहेब, आडनाव एक, गाव एक, वडिलांचं नाव एक. ते म्हणाले, मला माहीत आहे हो, कॉम्प्युटरला माहीत नाही. अन् खिडकी जेवणाकरता बंद. दीड ते सव्वातीन. बोर्डावर अडीच लिहिलं होतं.

त्या पावणेदोन तासात मी आरटीओच्या गेटसमोरच्या टपरीवर बसून जो हिशोब केला तो असा होता की एका "राव"साठी आतापर्यंत पेट्रोल, चहा, झेरॉक्स मिळून सातशे रुपये गेले अन् सोयाबीनची एक पट्टी आणायची राहून गेली. बाबांना आयुष्यात समोरून कोणी राव म्हटलं नाही. एजंट तीनदा येऊन गेला, "भाऊ, द्या इकडं, परवा करून देतो." दिलं नाही. इथं मी हुशार होतो का अडेलतट्टू ते मला आजही ठरवता येत नाही, पण तो मागत होता तेवढ्यात माझा राजस्थानला येण्याजाण्याचा अर्धा पेट्रोलखर्च निघत होता.

उपाय एकच, प्रतिज्ञापत्र. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची, असं स्टॅम्पवर, नोटरीसमोर. कोर्टाच्या आवारात कडुनिंबाखाली नोटरीचा टेबल, टेबलाला एक पाय विटांचा. स्टॅम्प पाचशेचा, कारण 2024 च्या ऑक्टोबरात शंभराचं काम पाचशेवर गेलं. बरं, त्याच दिवशी कळलं की बाकी वारसांची ना हरकतही लागते, म्हणजे मायची, धाकट्या भावाची अन् बहिणीची सही. बहीण भाऊबीजेला चार दिवस घरीच होती, तेव्हा हे कोणी सांगितलं नाही. तिच्या सासरी सत्तर किलोमीटर गेलो, तर म्हणते, "सही करते, पण गाडीतला माझा हिस्सा कोणता, पुढचं चाक का मागचं?"

चेसिस नंबरची पेन्सिल प्रिंट राहिली होती. स्प्लेंडरला तो नंबर हँडलखालच्या मानेवर ठोकलेला असतो. तिथं दहा-बारा वर्षांचं ऑइल, धूळ अन् कापसाची फुसकी मिळून नखाएवढा थर बसलेला. जुन्या टूथब्रशनं अन् रॉकेलच्या चिंधीनं अर्धा तास घासला तेव्हा कुठं सतरा अक्षरं वर आली. त्यावर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी फिरवायची, अक्षरं पांढरी उठतात. माझा एक 8 अर्धाच उठला, साहेब म्हणाले हा 3 आहे का. चौथी चकर त्या आठाची.

पाचव्या चकरेत ते साहेबच रजेवर होते. मी खिडकीसमोर नुसता उभा राहिलो, कारण बसायला जागा नव्हती अन् घरी जायला तोंड नव्हतं. आत एक मॅडम बसल्या होत्या. फाइल मागितली, मोबाइल नंबर बदलला, माझ्या फोनवर ओटीपी आला, अर्ज सबमिट. अकरा मिनिटं लागली, मी घड्याळ पाहिलं. रडू आलं नाही पण घसा आवळला, खरं सांगतो.

नंतर आरसीचं कार्ड स्पीड पोस्टानं यायला बारा दिवस लागले. डिजिलॉकरमधली आरसी पोलिसांना चालते, 2018 पासून केंद्राच्या सूचना आहेत, हे मी मायला मोबाइलवर दाखवलं. ती म्हणाली, मोबाइलची बॅटरी संपली त? यावर उत्तर नव्हतं. थांबलो.

हे वाचणाऱ्यांनी आजच्या आज एक काम करा, घरात ज्याच्या नावावर गाडी आहे त्याच्या आरसीत नॉमिनी टाका, 2021 पासून सोय आहे. अन् बापाचा नंबर चालू ठेवा, महिन्याचं रिचार्ज चकरांपेक्षा स्वस्त पडतं.

आता वाळवंट. मलकापूर, बऱ्हाणपूर, इंदूर, चित्तोडगड, जोधपूर, जैसलमेर, जवळपास बाराशे किलोमीटर, तीन मुक्काम. रस्ता चांगला, गाडीनं साठच्या आसपास ॲव्हरेज दिलं, सांगण्यासारखं काहीच घडलं नाही. रेतीच्या टेकड्यांसाठी सगळे जातात ते सम गाव जैसलमेरहून चाळीसेक किलोमीटर आहे पण तिथं डीजे अन् जीपा, आपल्या लग्नाच्या वरातीसारखं. म्हणून खुडीकडं वळलो, पन्नासेक किलोमीटर. डेझर्ट नॅशनल पार्क इकडंच पसरलंय, 3162 चौरस किलोमीटरचं, आपल्या वरोऱ्याकडच्या माळढोकाला तिकडं गोडावण म्हणतात, त्याच्यासाठी राखलेलं. म्हणून मनाला येईल तिथं तंबू ठोकू नका, गावात विचारा. सीमेकडं जायचं असेल तर परवानगीचं आधी पाहा. मी एका ढाणीवर, म्हणजे तिकडच्या छोट्या वस्तीवर, विचारलं, म्हातारबाबा म्हणाले माझ्या वावराच्या कडेला टाक. पाचशे रुपये दिले, त्यात बाजरीची भाकर अन् कढीही आली. माझ्या ज्वारीच्या भाकरी चौथ्या दिवशी कौलासारख्या झाल्या होत्या, जवसाची चटणी तेवढी मी त्यांना दिली, त्यांना आवडली.

तिथं गेल्या गेल्या गाडी पडली. साइड स्टँड रेतीत सुळकन आत जातं. डब्याचं चपटं झाकण किंवा फरशीचा तुकडा जवळ ठेवा, खाली टाकायला. तंबूच्या खुंट्याही धरत नाहीत, उपसून येतात. मी घरून युरियाच्या रिकाम्या थैल्या नेल्या होत्या, गादी म्हणून, त्या रेतीनं भरल्या, दोरी बांधली अन् हातभर खोल गाडल्या. वारा सुटला तरी तंबू हलला नाही. याचा मला आरसीपेक्षा जास्त गर्व आहे.

पेट्रोल जैसलमेरलाच फुल करा, हे आधी लिहायचं राहिलं. अन् टायरमधली हवा थोडी कमी केली तर गाडी रेतीत कमी रुतते, परत डांबरावर आल्यावर भरा.

दिवसा स्वेटर काढावं लागतं अन् सूर्य बुडाल्यावर तासाभरात रेती थंडगार. हवा कोरडी, ढग नाहीत, ऊन धरून ठेवणारं काहीच नाही. टेकड्यांच्या मधल्या खोलगट जागेत गार हवा साचते, तंबू जरा वर टाका. मी दोन स्वेटर, मफलर अन् बाबांचं घोंगडं घेऊन झोपलो तरी पाय गार. दूर कुठंतरी शेळ्यांच्या घंट्या, मग त्याही थांबल्या. एवढं शांत की गाडीचं इंजिन थंड होताना टिकटिक वाजतं ते ऐकू येत होतं. चांदण्या मोजायचा विचार होता पण दिवसभराच्या हँडलमुळं हात दुखत होते, झोप लागली. सकाळी टाकीवर दव होतं अन् तंबूभोवती कोल्ह्याची एक पूर्ण फेरी उमटलेली, एका जागी थांबून त्यानं माझ्या बुटाचा वास घेतलेला दिसत होता. बूट झटकून घाला, विंचू असतो म्हणतात, माझ्यात नव्हता.

येताना वेगळं काही नाही. चोवीसशे किलोमीटरात तीन राज्यांच्या पोलिसांपैकी एकानंही आरसी मागितली नाही. चित्तोडगडजवळ एकानं हात केला होता, त्याला पुढच्या गावापर्यंत लिफ्ट पाहिजे होती.

घरी पोचलो तर मायनं आधी गाडीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"कोन्या पोलिसानं कागद पाह्यले का?"

"हाव. दोनदा."

"पाह्य. म्या म्हन्लं होतं."