नकाशाआधीची एकतीस पावलं

सोलापुरात घर बांधायचं म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला असतो: "आर्किटेक्ट कशाला? इंजिनिअरकडं जा, संध्याकाळपर्यंत नकाशा देतो." आम्हीही गेलो. संध्याकाळी नाही, पण दुसऱ्या दिवशी दुपारी नकाशा हातात होता. जुळे सोलापुरातला आमचा ३० बाय ५० फुटांचा प्लॉट, खाली हॉल, किचन, एक बेडरूम, वर दोन बेडरूम. नकाशात चूक अशी काहीच नव्हती. फक्त आमच्या शाळेतल्या एका बाईंच्या घराचा नकाशाही तोच निघाला, आरशात धरल्यासारखा उलटा. मी गणित शिकवते, परावर्तन ओळखायला मला वेळ लागला नाही. हे कळलं नसतं तर आज त्याच घरात राहिलो असतो, आणि कदाचित सुखातही.

ह्यांच्या एका मित्राचा पूर्व भागात टॉवेलचा कारखाना आहे. तो म्हणाला, "आमची शेड ज्यांनी काढली त्यांच्याकडं एकदा जाऊन या. फी घेतात, पण डोकं खातात. तुम्हाला चालत असेल तर बघा."

ऑफिस रेल्वे लाइन्स भागात, एका जुन्या बंगल्याच्या पहिल्या मजल्यावर. वडील आणि मुलगी, दोघंही आर्किटेक्ट. वडिलांना सगळे सर म्हणतात, मुलीला मॅडम. भिंतीवर चकाचक बंगल्यांचे थ्रीडी फोटो असतील असं वाटलं होतं. तिथं काचेत लावलेलं एकच जुनं ट्रेसिंग होतं, पिवळं पडलेलं, करवतीच्या दात्यांसारख्या छपराचं. मी ते बघतेय म्हटल्यावर सर खुलले.

त्यांची सुरुवात घरांपासून झालीच नाही. गिरण्यांची धग ओसरत होती, यंत्रमाग वाढत होते, त्या काळात त्यांना कामं मिळाली ती मागांच्या शेडची. मागावर काम करणाऱ्याला उजेड भरपूर हवा, पण ऊन नको. सूत तुटलेलं दिसलं पाहिजे आणि डोळे दिपता कामा नयेत. म्हणून छपराला दाते करायचे आणि काचा उत्तरेकडं लावायच्या. "आणि कॉलम," ते म्हणाले. "एक कॉलम चुकीच्या जागी आला की एक माग कायमचा गेला. मालक आयुष्यभर शिव्या घालणार. म्हणून मी आधी शेडमध्ये दिवसभर बसायचो. बीम, म्हणजे सुताचा मोठा रूळ, कुठून येतं, बाई सुताच्या कांड्या घेऊन कुठून जाते, टॉवेलचे गठ्ठे कुठं पडतात. मग पेन्सिल."

घराचंही ते तसंच करतात. त्यामुळं "किती खोल्या हव्यात?" हा प्रश्न त्यांनी आम्हाला पहिल्या तीन भेटींत विचारलाच नाही. विचारलं ते असलं: सकाळी पहिलं कोण उठतं? भांड्यांचा आवाज कुणाला सहन होत नाही? पाहुणे चपला कुठं काढतात? भांडण झालं की कोण कुठं जाऊन बसतं? शेवटच्या प्रश्नाला ह्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मी खिडकीकडं.

मग ते आमच्या जुन्या घरी आले. शुक्रवार पेठेतलं माळवद, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर. त्यातला पुढचा भाग पाडून आरसीसी केलेला, मागचा अजून मातीचा. सर दारात उभे राहिले आणि सासूबाईंना म्हणाले, "आजी, चहा टाका." चहा घेऊन सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत आल्या तेव्हा ते तोंडातल्या तोंडात मोजत होते. "एकतीस पावलं आणि दोन उंबरे. आजी, दिवसात अशा किती फेऱ्या?" सासूबाईंना आयुष्यात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्या नंतर तासभर बोलल्या. माळवदात उन्हाळ्यात पंखा लागत नसे, वर सानं होतं, म्हणजे छतातला हातभर झरोका, त्यातून धूर आणि गरम हवा निघून जायची, पावसात त्यावर पत्रा ओढायचा. मॅडमनी वहीत सान्याचं चित्र काढून घेतलं. तेव्हा मला ते कौतुकापुरतं वाटलं. पुढं तेच जिन्याच्या हेडरूमला, म्हणजे गच्चीवर जिन्याचं तोंड झाकणाऱ्या खोलीला आलं: वरच्या बाजूला चारी दिशांना झडपा, खालची गरम हवा जिन्यातून वर चढून बाहेर.

प्लॉटवरची पहिली भेट २०२२ च्या मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात झाली, तीही भर दुपारी. मी मनातल्या मनात चिडले होते. मॅडमनी जमिनीवर एक सरळ पाइप उभा धरला. साडेबाराला पाच-सात मिनिटं होती. पाइपला सावलीच नव्हती. सोलापूर साधारण १७.७ अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या बरंच खाली. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावरून उत्तरेला गेलेला असतो. "म्हणजे उत्तरेची खिडकी कायम थंड, हे पुस्तकातलं. आपल्याकडं तिलाही छज्जा लागतो," त्या म्हणाल्या. इतकी वर्षं अक्षांश-रेखांशाची गणितं घालते, पण हे कधी डोक्यात आलं नव्हतं. सरांच्या शेडमध्येही म्हणे पहिल्या उन्हाळ्यात काचांतून ऊन आलं होतं, आणि दात्यांचा कोन तेव्हा बदलावा लागला.

खरं ऊन पश्चिमेचं. त्यामुळं जिना, संडास-बाथरूम आणि भिंतीतली कपाटं पश्चिमेला ढकलली, म्हणजे तापायचं ते त्यांनी तापावं. पण पावसाळ्यातला वाराही पश्चिमेकडूनच येतो, तर ती बाजू पूर्ण बंद करून चालत नाही. तिथं लहान, उंचावरच्या खिडक्या आल्या. ही तडजोड नीट लक्षात ठेवा, पुढं मी तिथंच माती खाल्ली.

वास्तूचं मला टेन्शन होतं. सासूबाईंना स्वयंपाकघर आग्नेयेला आणि पाणी ईशान्येला हवं होतं, आणि शिकलेली माणसं यावर उगाच वाद घालतात. मॅडमनी घातला नाही. "आग्नेयेला सकाळचं ऊन येतं, ओटा कोरडा राहतो, मला अडचण नाही." पाण्याचा प्रश्न दिशेपेक्षा मापाचा होता. उजनी धरण भरलेलं असो नसो, नळाला तेव्हा पाणी चार-पाच दिवसांआड यायचं. माणशी १३५ लिटर, चार माणसं, पाच दिवस: २७०० लिटर. मी हिशोब सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "आणि गड्ड्याच्या जत्रेला पाहुणे किती येतात?" हौद १०,००० लिटरचा झाला. ईशान्येलाच.

मग फक्की. हा माझा आवडता दिवस. नकाशाची तिसरी आवृत्ती झाल्यावर त्यांनी प्लॉटवर चुन्याच्या फक्कीनं सगळं घर खऱ्या मापात आखलं आणि आम्हाला आत उभं केलं. बघते तर हॉल एवढासा! ह्यांचा चेहरा उतरला. सर हसले, "मोकळ्या रानात खोली लहानच दिसते. भिंती चढल्या की मोठी होते." सासूबाई मात्र फक्कीच्या रेघेवरून न जाता दारातून आत आल्या, चपला काढून, आणि विचारलं, "मी तांदूळ निवडायला बसू कुठं?" नकाशात ती जागाच नव्हती. दोन्ही आर्किटेक्टनी एकमेकांकडं बघितलं. पूर्वेच्या व्हरांड्याची रेघ पायानं पुसून मॅडमनी अडीच फूट पुढं नवी टाकली. तिथंच जिन्याचाही विषय निघाला. पायरी सात इंचांची धरली होती. सासूबाईंचा गुडघा बघून सहा केली. दहा फूट चढायला सतराच्या जागी वीस पायऱ्या, म्हणजे जिना लांबला आणि गाडीची जागा आखडली. ह्यांना कारपेक्षा आई महत्त्वाची आहे हे त्यांना सगळ्यांसमोर कबूल करावं लागलं.

परवानगीचा भाग पटकन सांगते, कारण तो त्यांनीच केला. मोजणीचा नकाशा, उतारा, एनएचा (बिगरशेतीचा) आदेश, कराची पावती आम्ही गोळा केली. मोजणीत शेजारचं कंपाउंड आमच्यात नऊ इंच आत आलेलं निघालं. ते आधी कळलं म्हणून बरं, नाहीतर सामासिक अंतराची, म्हणजे हद्दीपासून मोकळ्या सोडायच्या जागेची मापं सगळी चुकली असती. मुंबई आणि काही अपवाद सोडून राज्यभर डिसेंबर २०२० पासून बांधकामाची एकच नियमावली आहे, अर्ज ऑनलाइन जातो. विकास शुल्क भरलं, परवाना आला. जोत्यापर्यंत काम आलं की तपासणी आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्र, हे दोन टप्पे मात्र कुणी सोडू नयेत. आमच्या ओळखीत निम्म्या लोकांकडं भोगवटा नाही आणि कर्जाच्या वेळी सगळे धावतात.

दिवाळीनंतर खोदकाम. चार फूट काळी माती, खाली मऊ मुरूम, साडेसहा फुटांवर कडक मुरूम. ठेकेदार म्हणाला, "पाच फुटांवर थांबू की मॅडम, सगळे थांबतेत." आरसीसी कन्सल्टंट ऐकेना. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, वरच्या भिंतीही मग तिच्याबरोबर हलतात. खर्च वाढला. जोत्यात खोदलेली माती परत भरायची नाही, मुरूमच टाकायचा, हेही लिहून दिलं होतं. ठेकेदारानं पहिल्या ट्रॉलीला काळी टाकलीच. ती काढायला लावली तेव्हा मी मजुरांच्या नजरेला नजर देऊ शकले नाही.

स्लॅब मार्चमध्ये पडला. काँक्रीट पक्कं व्हावं म्हणून वर आळी बांधून पाणी साठवलं. गवंडी सात दिवसांनी आळी फोडायला निघाला; मॅडमचा फोन: आपल्या उन्हात दहाच्या आत नाही, आणि सिमेंट राख मिसळलेलं आहे तर चौदा. नळाला पाणी पाचव्या दिवशी, म्हणून टँकर. तेव्हा कळलं हौद आधी का बांधून घेतला होता.

आता माझी माती. वरच्या बेडरूमला पश्चिमेची खिडकी नकाशात तीन फुटांची होती, उंचावर. समोर तेव्हा मोकळं रान होतं, संध्याकाळ सुंदर दिसायची. मी गवंड्याला परस्पर सांगितलं, पाच फुटांची कर, खाली आण. आर्किटेक्टना न सांगता साइटवर काही बदलायचं नाही, बदल नोंदवहीत लिहायचा, हा त्यांचा एकमेव नियम होता. मॅडम आल्या, बघितलं, ओरडल्या नाहीत. वहीत तारीख घालून लिहिलं: "पश्चिम खिडकी, घरमालकांच्या इच्छेनुसार." २०२४ च्या मे महिन्यात त्या खोलीत संध्याकाळी सहाला भिंतीला हात लावला तर भाकरीच्या तव्याची आठवण व्हायची. आता बाहेरून बांबूचा पडदा आहे आणि संध्याकाळ दिसत नाही.

त्यांचंही सगळं बरोबर नव्हतं. ड्रॉइंग उशिरा यायची, खिडक्यांची मापं दोनदा मागावी लागली, आणि सुरुवातीचा अंदाज शेवटी चौदा टक्क्यांनी वाढला. व्हरांड्याच्या जाळीत सोलापूरची धूळ कशी बसते हे त्यांनी कधी स्वतः फडकं घेऊन बघितलेलं नाही. गच्चीवरच्या पांढऱ्या चायना मोझॅकनं, म्हणजे टाइल्सच्या तुकड्यांच्या फरशीनं, खालची खोली खरंच थंड राहते, पण दर महिन्याला घासते कोण? मी.

पाडव्याला राहायला गेलो. भोगवटा आल्यावर दोघं जेवायला आले. कडक भाकरी, शेंगाची चटणी, वांग्याची भाजी. सर घर बघत फिरले नाहीत. व्हरांड्यात, सासूबाईंच्या तांदळाच्या जागेवर बसले आणि म्हणाले, "आजी, चहा टाका."

सासूबाई कप घेऊन आल्या. सरांचे ओठ हलत होते.

"अकरा," ते म्हणाले. "नकाशात नऊ होती. दोन कुठून आली?"

ह्यांनी मान खाली घातली. नवा फ्रिज मोठा निघाला होता, आणि तो आम्ही वाटेत ठेवला होता.